पाणी ओसरलं, ओल राहिली: फरशी काढायची की ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात तळमजल्यावरचं पंचवीस वर्षं जुनं घर. सप्टेंबरच्या मध्यात एका रात्री जोराचा पाऊस झाला, गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची लाइन, तुंबली आणि नहाणीतून उलटं पाणी घरात चढलं. चार इंच पाणी आठ-नऊ तास साचून होतं. हॉलमध्ये दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स, बेडरूममध्ये जुन्या मोझॅकवर टाकलेलं लॅमिनेटचं वुडन फ्लोरिंग, मागच्या दोन खोल्यांत कोटा दगडाच्या लाद्या. याला दोन आठवडे झाले. टाइल्स पोकळ वाजतात, लॅमिनेटच्या कडा वर आल्यात, कोट्यावर पांढरी पूड दिसते. एक मिस्त्री म्हणतो सगळं उखडा. दुसरा म्हणतो आहे त्यावरच नवी टाइल चिकटवू, दिवाळीच्या आत काम देतो. कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही नाही, निदान आत्ता तरी नाही. लॅमिनेट आज काढा. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, आणि तपासणीसाठी दोन टाइल्स सोडल्या तर बाकी कशालाही पुढचे पाच-सहा आठवडे हात लावू नका, फक्त सुकवा. किती काढायचं ते त्यानंतरच नीट कळेल, आणि बहुतेक वेळा ते आज वाटतंय त्यापेक्षा बरंच कमी निघतं.

कारण फरशीच्या पोटात आहे. वर दहा मिलिमीटरची टाइल, तिच्याखाली चाळीस-पन्नास मिलिमीटर रेती-सिमेंटचा मसाला, त्याखाली काँक्रीट, त्याखाली मुरमाची किंवा मातीची भर. व्हिट्रिफाइड टाइल स्वतः अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी पिते, म्हणजे जवळजवळ नाहीच. पाणी उतरतं ते सांध्यांतून आणि स्कर्टिंगच्या मागून. एकदा मसाल्यात शिरलं की बाहेर पडायला त्याला तेवढेच दोन रस्ते. आठ तासांत आत गेलेलं पाणी निघायला दोन महिने लागतात ते यामुळे. नव्या मसाल्यासाठी जो हिशेब धरतात तो इथेही अंदाजाला चालतो: उघडा मसाला असेल आणि हवा चांगली असेल तर एका मिलिमीटरला एक दिवस. पन्नास मिलिमीटर म्हणजे सात आठवडे. वर टाइल असेल तर अजून जास्त. सप्टेंबरच्या मध्यातलं पाणी नोव्हेंबरच्या आधी जात नाही. दिवाळी मध्ये आली म्हणून ते घाई करत नाही.

आधी स्वच्छता. हे गडरचं पाणी होतं, त्यामुळे नुसतं पुसून भागत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हाही घराघरांत राहिला तो गाळ. सांध्यात बसलेला गाळ ओल धरून ठेवतो आणि वासही. आधी साबणाच्या पाण्याने ताठ ब्रशने सांधे घासा, धुवून घ्या, वायपरने पाणी ओढून काढा. मग दहा लिटरच्या बादलीत ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरच्या निवळीने फरशी पुसून दहा मिनिटं ओली ठेवा. नंतर साध्या पाण्याने एकदा पुसून लगेच कोरडी करा. पावडर ताज्या पुड्याची हवी. वर्षभर उघडी पडलेली पावडर म्हणजे नुसता चुना. हातात रबरी मोजे, खिडक्या उघड्या. आणि ब्लीचिंगच्या जोडीला ॲसिड किंवा संडास साफ करायचं द्रावण कधीही नाही, दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो.

विजेचं एक लक्षात ठेवा, कारण इथेच चूक होते. पाणी पुन्हा चढलं तर मेन स्विच बंद करून पुरत नाही. इन्व्हर्टर मेन बंद होताच स्वतःहून सुरू होतो आणि खालचे प्लग जिवंत राहू शकतात. आधी इन्व्हर्टर बंद, मग मेन, मग पाण्यात पाय. ज्या खालच्या सॉकेटपर्यंत पाणी पोचलं होतं, ते इलेक्ट्रिशियनने उघडून पाहिल्याशिवाय वापरू नका.

आता सुकवणं. पुढचा सगळा खर्च यावर ठरतो, म्हणून जरा सविस्तर. पाऊस चालू असताना खिडक्या सताड उघड्या ठेवून काही साधत नाही. बाहेरची हवाच ओली असते. तेव्हा दारं-खिडक्या बंद करून एसी ड्राय मोडवर चालवा आणि एक टेबल फॅन जमिनीलगत, फरशीवरून वारा घसटत जाईल असा ठेवा. एसीच्या पाण्याचा पाइप बादलीत सोडा आणि रोज किती पाणी जमलं ते कॅलेंडरवर लिहा. पहिल्या दिवसांत बादली भरत राहते. आकडा उतरून चार-पाच दिवस एका जागी थांबला, की खोलीच्या हवेतली जास्तीची ओल गेली असं धरा. मसाल्यातली अजून असते, पण काम मार्गी लागलं. एसी नसेल तर ओलावा शोषणारं यंत्र भाड्याने मिळतं का बघा.

ऑक्टोबरचं ऊन पडू लागलं की पद्धत उलटी करा. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच सगळं उघडं, दिवस कलला की बंद, कारण रात्रीची हवा पुन्हा ओल आणते. इथे नागपूरकरांच्या हाती एक फुकटचं यंत्र आहे: कूलर. मात्र पाण्यासकट लावला तर तो खोलीत ओलच ओततो, आणि बरेच जण नेमकं तेच करतात. टाकी पूर्ण रिकामी करा, पंपाची पिन काढा, तिन्ही बाजूंच्या खसच्या जाळ्या काढून उन्हात टाका, मग नुसता पंखा चालवा. समोरचं दार उघडं हवं, नाहीतर हवा आत येईल पण ओल घेऊन बाहेर जायला वाट राहणार नाही. असला मोठा पंखा भाड्याने आणायची मग गरज उरत नाही.

हिटर किंवा हॅलोजन लावून जागा भाजू नका. वरचा थर झटकन आकसतो, खालचा ओला राहतो, आणि मसाला तडकतो. लाकूड असेल तर तेही वाकतं.

स्कर्टिंग मात्र आत्ताच काढा. तिच्या मागे भिंतीचा पायथा चिंब असतो आणि बाहेरून काहीही दिसत नाही. पट्टीच्या वरच्या कडेला पातळ पटाशी घालून थोडी थोडी सोडवा, निघतील त्या पट्ट्यांच्या मागे खडूने नंबर टाका. तिथला प्लास्टर ठोकून पाहा. फुगलेला, भुसभुशीत झालेला तेवढा विटेपर्यंत खरवडा. भिंतीला लागून असलेली लोखंडी कपाटं चार विटांवर उचलून घ्या, नाहीतर पायांच्या गंजाचे डाग कोट्यात आणि मोझॅकमध्ये मुरतात आणि घोटाईने, म्हणजे मशीनने घासून पॉलिश केल्यानेही, पूर्ण जात नाहीत. प्लायवूडचं पेटीचं पलंग असेल तर त्याचा तळ आणि दाराच्या चौकटीचे पाय स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. टोक सहज रुतलं तर ते लाकूड गेलं.

लॅमिनेटबद्दल फार चर्चा नको. आतला गाभा म्हणजे दाबून बसवलेला लाकडाचा भुसा. पाण्याने त्याची कड एकदा फुगली की वाळून पुन्हा बसत नाही. वजन ठेवा, इस्त्री फिरवा, काही होत नाही. त्याखालचा दोन मिलिमीटरचा फोम पाणी धरून बसलेला असतो, आणि हे पाणी गडरचं होतं. फोम आणि फळ्या दोन्ही फेका. कडेच्या पट्ट्या काढून शेवटच्या ओळीपासून सुरू करा. फळीची लांब बाजू साधारण तीस अंशात उचलली की खाच सुटते. तुमची फळी लॅमिनेट नसून दगडपूड-प्लास्टिकची, म्हणजे एसपीसीची असेल तर गोष्ट वेगळी. ती पाणी पीत नाही. खाचा न मोडता सोडवा, धुवा, सावलीत उभ्या वाळवा, खालची जमीन सुकल्यावर पुन्हा बसवा. उन्हात आडवी ठेवू नका, वाकते.

लॅमिनेटखाली जुनं मोझॅक निघेल. ते सिमेंटचंच असल्यामुळे पाणी पितं आणि सोडतंही. उघडं ठेवा. मोझॅक धड असेल तर माझं मत स्पष्ट आहे: तळमजल्यावर, जिथे एकदा नहाणीतून पाणी आलं, तिथे पुन्हा लाकडी फ्लोरिंग टाकू नका. सुकल्यावर त्या मोझॅकचीच घोटाई करून घ्या. मशीनचा खर्च नव्या फ्लोरिंगपेक्षा कमी, आणि पुढच्या वेळी पाणी आलं तर पुसून मोकळे.

कोट्यावरची पांढरी पूड बुरशी नाही, खार आहे. मसाल्यातले आणि जमिनीतले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पूड दिसणं म्हणजे कोटा सुकतो आहे. चूक होते ती पूड पाण्याने पुसण्यात: क्षार विरघळून परत दगडात जातात आणि आठ दिवसांनी तेच ताट पुन्हा समोर. कोरड्या ब्रशने झाडा, सुपलीत भरून बाहेर टाका, आठवड्याने पुन्हा. तीन-चार वेळा केल्यावर कमी होत जाते. मिस्त्री ॲसिडची बाटली काढील. कोटा हा चुनखडीचा दगड. ॲसिड पडलं की फेस येतो, म्हणजे दगडच विरघळतो, चकाकी जाते आणि सांध्यातलं सिमेंट पोखरतं. मोझॅकचं आणि संगमरवराचंही तेच. ती बाटली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात ईडा-पीडा घालवायला निघणाऱ्या मारबतीसोबत पाठवून द्यायच्या लायकीची. पूड पूर्ण थांबेपर्यंत घोटाई, मेण, सीलर यातलं काहीच नको. वरून तोंड बंद केलं की क्षार दगडाच्या आतच साचतात आणि पापुद्रे सुटू लागतात. पापुद्रे सुटलेल्या लाद्या तेवढ्या बदला, कोटा नागपुरात कधीही मिळतो.

हॉलच्या टाइल्सना वेळ द्यावा लागेल. पाच रुपयांचं नाणं किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्या आणि प्रत्येक टाइल चार कोपरे आणि मध्य अशी पाच ठिकाणी वाजवा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे पेन्सिलने गोल करा आणि कागदावर हॉलचा नकाशा काढून त्यात भरा, तारखेसकट. फक्त कोपरे पोकळ असतील तर तो पुराचा दोष नाही. मिस्त्रीने मसाल्याचे गोळे ठेवून टाइल दाबली होती, कोपऱ्यापर्यंत मसाला पोचलाच नव्हता. अशी टाइल वर्षानुवर्षं चालते. फक्त पलंगाचा किंवा फ्रिजचा पाय नेमका त्या कोपऱ्यावर येऊ देऊ नका. मध्यभाग पोकळ, भोवतीचे सांधे तडकलेले, पायाखाली टाइल हलते किंवा टाचेने दाबल्यावर सांध्यातून पाणी पचकन वर येतं, अशा टाइल्स निघणारच.

हॉलमधल्या दोन टाइल्स आता काढा: एक सगळ्यात खराब जागची, एक बरी वाजणाऱ्या जागची. मसाला उघडा पडेल आणि खरं कळेल. नखाने खरवडून बघा. गडद, ओला, पण घट्ट असेल तर वाट पाहा, वाचेल. नखाने रेती सुटत असेल तर मूळ कामातच सिमेंट कमी घातलेलं होतं. पाण्याने फक्त ते उघडं पाडलं. बऱ्या जागचा मसालाही असाच निघाला तर अख्खा हॉल काढावा लागेल, आणि तेव्हा पहिला मिस्त्री बरोबर ठरेल. टाइल काढायची ती सांधे चार इंची ग्राइंडरने कापून, टाइलच्या मध्यावर ड्रिलने भोकं पाडून, मध्यापासून कडेकडे छिन्नी तिरकी चालवत. कडेपासून सुरुवात केली की शेजारचीचा टवका उडतो, आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं डिझाइन आता बाजारात मिळत नाही. कमी पडल्या तर पलंगाखालच्या आणि सोफ्यामागच्या चांगल्या टाइल्स पुढे घ्या, तिथे साधी दुसरी बसवा.

या उघड्या खड्ड्यांतच सुकण्याची परीक्षा घ्या. जाड पॉलिथिनचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा कापा, मसाल्यावर पसरून चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करा. कमीत कमी सोळा तास, म्हणजे संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी दुपारी उघडा. पॉलिथिनच्या आतून थेंब, किंवा झाकलेला मसाला आजूबाजूपेक्षा गडद, म्हणजे ओल आहे. दर पंधरा दिवसांनी पुन्हा लावा. टाइलच्या वरून ही परीक्षा व्यर्थ, टाइल ओल सोडतच नाही. आणि कुठल्याही खोलीत लाकूड किंवा चिकटवायचं व्हिनिल टाकायचा हट्टच असेल तर पॉलिथिनवर विसंबू नका, फ्लोरिंगवाल्याला मसाल्यातली ओल मोजणारं कार्बाइड मीटर आणायला सांगा. सिमेंटच्या मसाल्यात दोन टक्क्यांच्या वर आकडा आला तर काम सुरू करू देऊ नका.

सहा आठवड्यांनी सगळ्या टाइल्स पुन्हा वाजवा आणि दोन नकाशे शेजारी ठेवा. पोकळ जागा वाढत गेल्या असतील तर हॉल सोलावा लागेल. माझा ठोकताळा असा की एक तृतीयांशापेक्षा जास्त टाइल्स निघणाऱ्या असतील तर तुकड्या-तुकड्यांत पैसे घालू नयेत. नकाशा तसाच राहिला असेल तर खराब तेवढ्याच बदला. ज्या पोकळ आहेत पण हलत नाहीत, त्यांच्या सांध्यात दोन बारीक भोकं पाडून एकातून पातळ इपॉक्सी सोडता येतं, दुसऱ्यातून हवा निघते. ते फक्त मसाला कोरडा असताना. ओल्यावर इपॉक्सी धरत नाही, पैसे जातात आणि पोकळी राहते.

आता दुसऱ्या मिस्त्रीचं, टाइलवर टाइल. ओल्या पोटावर आणखी एक न पिणारा थर म्हणजे उरलेले सांधेही बंद. पोकळ टाइलवर चिकटवलेली टाइल पोकळच, खालची सुटली की वरची तिच्यासोबत. शिवाय जमीन बारा-पंधरा मिलिमीटर चढते: सगळी दारं खालून तासावी लागतात. नागपूरच्या उन्हाळ्यात या थराला फुगायला जागा मिळाली नाही तर मे महिन्यात मधोमध दोन टाइल्स तंबूसारख्या उभ्या राहतात, कधी कधी फटाक्यासारखा आवाज करून. नवीन काम कुठल्याही पद्धतीचं असो, भिंतीलगत स्कर्टिंगखाली झाकली जाईल अशी सहा ते आठ मिलिमीटरची फट आणि टाइल-टाइलमध्ये किमान दोन मिलिमीटरचा सांधा मागा. मिस्त्री म्हणेल सांधा दिसतो. दिसू द्या.

हॉल किंवा कुठलीही खोली नव्याने करायची झाली तर १० बाय १२ च्या खोलीचा हिशेब देतो, तुमच्या मापाने वाढवा. सरासरी चाळीस मिलिमीटर मसाला, एका भाग सिमेंटला पाच भाग रेती: सिमेंटच्या तीन गोण्या, रेती सतरा-अठरा घनफूट, आणि टाइलखालच्या स्लरीला, म्हणजे पाण्यात कालवलेल्या सिमेंटला, आणखी एक गोणी. कन्हान नदीची रेती असली तरी चाळून घ्या, मातकट असेल तर धुवून. जुना मसाला घट्ट आणि सपाट असेल तर तो ठेवून फक्त टाइल चिकटवायचं ॲडहेसिव्ह वापरा: व्हिट्रिफाइडसाठी टाइप दोन किंवा वरचं, वीस किलोच्या तीन गोण्या, दातेरी थापीने पूर्ण पसरून, गोळे ठेवून नाही. दोन बाय दोनच्या तीस टाइल्स लागतात, तुटफुटीसह तेहतीस. खोक्यात चार असतात, म्हणजे नऊ खोकी, सगळी एकाच बॅच आणि शेड नंबरची. सांधे चोवीस तासांनी भरायचे, न्हाणीघराच्या उंबऱ्याजवळ इपॉक्सी ग्राउटने.

एक तपासणी मात्र फरशीच्या पलीकडची आहे. तुमचा भाग काळ्या मातीचा असेल तर जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भिंतीला समांतर भेग, खोलीचा मध्य किंचित वर आलेला, जुलैत घासणारं दार मेमध्ये मोकळं फिरणारं: या खुणा असतील तर दोष पुराचा नाही, खालच्या भरावाचा. ठोकल्यावर टकटक न येता खोल ढप्प आवाज आला तर भराव खचून काँक्रीटखाली पोकळी झालेली असू शकते. अशा खोलीत वरवरची फरशी बदलणं फुकट आहे. दीड-दोन फूट काळी माती काढा, सहा-सहा इंचाच्या थरात मुरूम पाणी मारून धुम्मसने ठोकून बसवा, त्यावर सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, मग २५० मायक्रॉनचं पॉलिथिन, मग चार इंच काँक्रीट. जमीन उघडी आहेच तर उधईची फवारणी त्याच वेळी करून घ्या, चौरस मीटरला पाच लिटर द्रावण. ओल आली की उधई तिच्यामागे येते. बाहेरून घराभोवती तीन फुटांचा पक्का पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन.

आणि हे सगळं करण्याआधी, पाणी आलं ती वाट बंद करा. घराची लाइन जिथे सार्वजनिक गडरला मिळते त्याच्या आधीच्या चेंबरमध्ये उलट पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या. त्याचं झाकण हाताने उघडता येईल असं हवं, कारण वर्षातून दोनदा, एकदा मृगाच्या आधी, केस-कचरा काढावा लागतो. अडकलेला व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि तुम्हाला ते पावसातच कळतं. नहाणीच्या जाळीवर जाड रबराचा तुकडा आणि त्यावर रेतीची पिशवी तोवरची सोय म्हणून चालेल. विमा असेल तर पाण्याच्या खुणेला टेप लावून काढलेले फोटो आणि काढलेल्या लॅमिनेटचा एक तुकडा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत जपा.

दिवाळीला मोझॅक आणि उघड्या सांध्यांवर सतरंजी टाका. काम नोव्हेंबरअखेर काढा, तेव्हा मिस्त्रीही मोकळे असतात आणि रोजीवर घासाघीसही होते. नव्या टाइलवर एक दिवस पाय नको, कपाट आठवडाभर नको. उरलेल्या तीन टाइल्स खोक्यासकट माळ्यावर ठेवा. नंबर खोक्यावरच असतो.